न विचारता मारलेली टिक

आमच्या फ्रिजवर सात महिने एक तक्ता लावलेला होता. कंपनीत मशीनशेजारी लावतो तसाच, रकाने आखून, चार कोपऱ्यांत चार चुंबकं चिकटवून. डावीकडे वेळा: सहा, दहा, दोन, सहा, दहा. वरच्या ओळीत औषधांची नावं. अगदी शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'संडास'. तक्ता मी केला होता, आणि तो इतका नीटनेटका होता की घरी येणाऱ्या सिस्टरनी त्याचा फोटो काढून आपल्या दुसऱ्या पेशंटच्या घरी दाखवला होता. त्या तक्त्यात पहिल्याच महिन्यात मी दोन लबाड्या केल्या. एक गोष्ट दिली ती लिहिली नाही, आणि एक गोष्ट विचारली नाही ती लिहिली. बोलायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आता तरी लिहून टाकतो.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. गाड्यांचे गिअर बनतात, ते मोजायचे, पास करायचे किंवा बाजूला काढायचे. आमच्या शॉपवर एक पांढरा बोर्ड आहे. मशीनवरचा माणूस बदलला, हत्यार बदललं, माल बदलला, काम करायची पद्धत बदलली, यातलं काहीही झालं की लाल पेननं त्या बोर्डावर लिहायचं. का, तर उद्या माल बिघडला तर शोधायचं कुठून? सव्वीस वर्षं मी लोकांच्या मागे लागून तो बोर्ड लिहून घेतला आहे. माझ्या पाठीमागे लोक मला 'लाल पेन' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

औषधं वहिनींची होती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ आष्टीकडून भोसरीला आला, वर्कशॉपला लागला, आणि दहावी झाल्यावर मीही त्याच्या मागोमाग आलो. एका खोलीत आम्ही तिघं. मी सोळा वर्षांचा असताना जुलाब-उलट्यांनी मला असं धरलं की चार दिवस मला अंथरुणातून उठता येत नव्हतं. भावाला सुट्टी मिळेना. वहिनी तेव्हा तेवीस-चोवीसच्या असतील. त्यांनी माझं सगळं काढलं. माझी चादर, माझे कपडे चाळीच्या सामायिक नळावर बायकांच्या रांगेत उभं राहून धुतले. बरा झाल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना, तर त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "जेवा भावजी, भात मऊ केलाय." त्या चार दिवसांबद्दल पुढे आमच्यात एक शब्दही झाला नाही. त्यांना मूलबाळ झालं नाही. भाऊ गेल्यावर त्या आमच्याकडे रावेतला राहायला आल्या.

त्यांचा छातीचा कॅन्सर आधी बरा झाल्यासारखा वाटला. दोन वर्षांनी तो कमरेच्या हाडात निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता आजार जाणार नाही, पण दुखणं आपण घालवू शकतो. त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं मळमळतं म्हणून आधी अर्धा तास एक उलटीची गोळी. पोट साफ राहायला एक गोड, चिकट पातळ औषध. घरी येऊन बघायला एक सिस्टर. त्या तळेगावच्या, स्कूटरवरून सगळा भाग पालथा घालणाऱ्या, बोलायला फटकळ. तक्त्यातला शेवटचा रकाना त्यांनीच घालायला लावला. "भाऊ, हा रकाना गोळीइतकाच महत्त्वाचा हाय. रोज विचारायचं," असं त्यांनी मला बजावलं होतं.

बायको भोसरीत वायरिंगच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायची. मी मुद्दाम सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळी सहाची गोळी बायको द्यायची. दहाची, आणि दोनची थोडी आधी, घरून निघता निघता मी. बायको परत येईपर्यंतचे मधले दोन तास शेजारच्या मावशी येऊन बसत. म्हणजे सकाळचं सगळं माझ्याकडे, आणि तो रकानाही माझ्याकडे.

आता हे कसं लिहायचं कळत नाही, पण लिहितो. दिरानं वहिनीला रोज सकाळी 'संडास झाली का' असं विचारायचं, हे माझ्या तोंडून निघेना. पहिल्या दिवशी मी खोलीच्या दारापर्यंत गेलो, "चहा घेणार का?" विचारून परत आलो आणि टिक मारली. दुसऱ्या दिवशी तशीच मारली. बायको संध्याकाळी तक्ता बघायची, टिक दिसायची, तिला वाटायचं विचारलं असेल. सिस्टर आठवड्यातून दोनदा बघायच्या, त्यांनाही तेच वाटायचं. अकरा दिवस मी न विचारता टिक मारली. कंपनीत एखाद्यानं न मोजता अशी एक टिक मारली असती तर मी त्याला गेटबाहेर काढायला कमी केलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात वहिनींना उलट्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं होतं, पण पोटात काही ठरेना. सोमवारी सकाळी त्यांनी दोन घास उपमा खाल्ला आणि तो तसाच बाहेर आला. मी सिस्टरला फोन करायला हवा होता. मला वाटलं, एवढ्यासाठी काय फोन करायचा, उलटीचीच तर गोष्ट आहे. कंपनीच्या सहलीसाठी घेतलेली, गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी माझ्या बॅगेत होती. वहिनींना गाडी लागायची हे घरात सगळ्यांना माहीत. गावाला जाताना एसटीत बसायच्या आधी त्या हीच गोळी घ्यायच्या आणि दौंडपर्यंत झोपून जायच्या. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी, तिनं काय होणार? मी एक दिली.

उलटी थांबली. वहिनी झोपल्या. मी खूश झालो, अगदी खरं सांगतो, स्वतःवर खूश झालो. मंगळवारी दोनदा दिली. तक्त्यावर लिहिली नाही, कारण तिला रकानाच नव्हता. बुधवारी सकाळी त्यांना पुन्हा उमळून आलं, तेव्हा मी दोन एकदम दिल्या.

साडेअकराला मी ताक घेऊन गेलो. हाक मारली, त्या उठल्या नाहीत. खांदा हलवला. डोळे अर्धे उघडले आणि मिटले. घशातून खरखर येत होती आणि दोन श्वासांच्या मध्ये इतकी जागा पडत होती की मी प्रत्येक वेळी दचकत होतो. मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला सात. मोजणं हे माझं काम आहे, पण त्या सातचं काय करायचं मला कळेना.

फोन केल्यावर सिस्टर पंचवीस मिनिटांत आल्या. डोळ्यांवर बॅटरी मारून बघितलं, डॉक्टरांना फोन लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. पिंपरीच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. ऑक्सिजन, इंजेक्शन, रक्ताच्या तपासण्या. संध्याकाळपर्यंत वहिनी बोलायला लागल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॉर्फिनखेरीज दुसरं काही दिलं होतं का? झोपेची, सर्दीची, कसलीही गोळी?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ओरडतील म्हणून नव्हे. घरात सगळे मला विचारून गोळी घ्यायचे, मला कळतं असा सगळ्यांचा समज होता, माझाही होता. शिवाय वाटलं, आता हे कळलं तर म्हणतील या घरात मॉर्फिन ठेवण्याची लायकी नाही, आणि गोळ्याच बंद करतील. ही दुसरी भीती मी तेव्हा स्वतःला सांगितली, कारण ती ऐकायला बरी वाटत होती.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून ठरवलं. बाईला हा डोस झेपत नाही. डोस निम्मा करा.

शुक्रवारी आम्ही घरी आलो आणि दुखणं परत आलं. वहिनी कण्हणाऱ्या बाई नव्हत्या. त्या फक्त वेळ विचारायच्या. "वाजले किती, भावजी?" मी म्हणायचो, सव्वाअकरा. पाच मिनिटांनी पुन्हा, "आता किती वाजले?" पुढची गोळी कधी, हे त्या विचारत नव्हत्या. तेवढंही मागणं त्यांना जड जात होतं. रविवारी मी दिवसभर घरी होतो. दुपारी बायको म्हणाली, "अहो, ते भिंतीवरचं घड्याळ ताईंना दिसेल असं लावा ना, सारखं विचारायला लागतं त्यांना." मी स्टुलावर चढून घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावलं. वहिनी म्हणाल्या, "लई चांगलं केलं बघा." मला खाली उतरवेना.

मंगळवारी शिफ्टला एक लॉट अडकला. गिअरचं भोक बारीक येत होतं. मी मशीनवरच्या ऑपरेटरला बोलावलं. माझ्याच वयाचा, पंधरा वर्षं जुना माणूस.

"काय बदललं?"

"काही नाही साहेब."

"हत्यार?"

"नाही साहेब. सकाळपासून तेच चाललंय."

तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला नाही, माझ्या खिशातल्या पेनाकडे बघून बोलला. त्याचा तो 'नाही' मी कुठेतरी ऐकला होता. शेजारचा ऑपरेटर म्हणाला, "सांगून टाक की राव, इन्सर्ट बदललाय म्हणून. फाशी देणारेत का?" इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं टोक. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाल पेन आता फाडून खाणार. मी एवढंच म्हणालो, "बोर्डावर लिहा," आणि कँटीनमागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन सिस्टरना फोन लावला.

पाच वाजून गेले होते. मी एका दमात सांगितलं.

"गोळीचं पाकीट हाय का जवळ?"

"बॅगेत आहे."

"मागं बारीक अक्षरात काय लिवलंय, वाचा."

मी वाचलं. प्रोमेथाझिन.

"किती दिल्या?"

"तीन दिवसांत पाच. शेवटच्या दोन एकदम."

"अरे देवा. भाऊ, ही गोळी स्वतःच झोप आणणारी. मॉर्फिनबी गुंगी आणतं. दोन्ही एकमेकांवर चढली, की श्वास मंद होतो. एकट्या मॉर्फिनचा दोष नव्हता तर. आनि आपण त्याचाच डोस कापून बसलो." मग त्यांचा आवाज बदलला. "पण एक सांगा. उलट्या कशापायी होत होत्या? तुमच्या तक्त्यावर तर रोज संडासची टिक हाय."

मी पाकीट परत बॅगेत घातलं.

"भाऊ? विचारत होता ना?"

"नाही."

"एकदाबी नाही?"

"नाही."

"आनि गिअर? तेबी असेच पास करता व्हय, न बघता?"

मग त्या लगेच निवळल्याही. म्हणाल्या, मॉर्फिननं आतडं सुस्त होणं ठरलेलं असतं. मळमळ बऱ्याच जणांची आठ दिवसांत जाते, पण पोटाचं सुस्तपण जात नाही. आणि बसची गोळी पोट आणखी कोरडं करते. "खालून वाट बंद, म्हणून वरून येत होतं. मी रावेतलाच हाय एका पेशंटकडं. जाते घरी. तुमीबी या."

मी गेटपास घेऊन निघालो. घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. सिस्टर बाथरूममध्ये हात धूत होत्या, बायको चादर बदलत होती. सिस्टरनी पोट तपासून, डॉक्टरांना विचारून एनिमा दिला होता. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा घामानं ओला, पण कपाळावरची आठी गेली होती. सिस्टरनी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं परत सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बुधवारी सांगितलं असतं तर त्यांचे हे दिवस वाचले असते." ते खरं होतं. मग म्हणाले, "आज सांगितलंत म्हणून पुढचे वाचतील. डोस पायरीपायरीनं वर नेऊ. आणि यापुढे सर्दीची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही." मॉर्फिन बंद करण्याचं त्यांच्या मनातही आलं नाही. उलटीची गोळी तीच ठेवली, रोज पोट बघायला सांगितलं.

बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्हाला लाज वाटत होती तर मला सांगायचं. मी विचारलं असतं की संध्याकाळी." एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही, कुकर लावायला वळली.

निघताना सिस्टर दारात हेल्मेट घालत म्हणाल्या, "त्यांना म्या काय सांगितलं न्हाई. ते तुमचं काम हाय."

सकाळी बायको कामावर गेल्यावर मी वहिनींच्या खाटेशी स्टूल घेऊन बसलो. घड्याळ बरोबर समोर होतं. मी सांगितलं. बसची गोळी, दवाखान्यातला 'नाही', चार दिवस, टिका. त्यांच्याकडे न बघता सांगितलं. ऐकून त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"त्या कढीपत्त्याला मुंग्या लागल्यात, बघितल्या का तुमी?" त्या म्हणाल्या.

बघितल्या होत्या. त्यांच्या खाटेला लागून असलेल्या खिडकीतल्या कुंडीला मुंग्यांची रांग लागली होती, आणि मीच आठवड्यापूर्वी कुंडीभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली होती.

"ते गोड औषद त्याच्यात वततीया म्या," वहिनी म्हणाल्या. "रोज. तुमी टोपनात काढून देताव, पाठ वळली की वतते."

"का?"

"काय सांगू? ते घेतलं की जावं लागंल. सकाळी घरात तुमी एकलेच. मला उठवायचं, धरायचं, त्या खुर्चीवर बसवायचं... तुमाला कसं सांगू म्या?"

मग त्यांनाच हसू आलं. त्या हसल्या की कमर दुखायची, म्हणून ओठ दाबून हसल्या. "भोसरीला तुमी चार दिस पडला होता, तवा म्या नळावर बायांना इचारलं होतं का, धू का नको? आन आता आपन दोघंबी असं!"

पस्तीस-छत्तीस वर्षांत त्या नळाचं नाव पहिल्यांदा निघालं. मी म्हणालो, "वहिनी, मी तुमचे चार दिवस खाल्ले." त्या म्हणाल्या, "माजेबी हायेत की त्यात थोडे. म्या वतलं नसतं तर उलटी कशाला झाली असती? निम्मं निम्मं करा." मी निम्मं केलं नाही, आजही करत नाही. पण त्यांनी ते म्हटलं याचा मला केवढा आधार आहे, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी फ्रिजवरचा जुना तक्ता काढला. मागच्या अकरा टिकांवर लाल पेननं रेघ मारली आणि खाली लिहिलं: विचारलं नव्हतं. बसची गोळी, पाच, तारीख-वेळ घालून लिहिली. नव्या तक्त्यात एक रिकामा रकाना वाढवला, 'दुसरं काही'.

दुसऱ्या दिवसापासून मला विचारावंच लागलं नाही. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो की आतून खणखणीत आवाज यायचा, "झाली हो भावजी, लिवा!" शेजारच्या मावशींनाही ऐकू जायचं. मी लिहायचो. सकाळी त्यांना उठवून संडासच्या खुर्चीवर बसवायला मी शिकलो. सिस्टरनी कमरेखाली हात कसा घालायचा ते दाखवलं. पहिल्या दिवशी दोघांनीही डोळे मिटले होते. आठवड्याभरात आम्ही त्या वेळी गॅसच्या टाकीबद्दल बोलायला लागलो. आठ-दहा दिवसांत डोस पुरेसा झाला. वेळ विचारणं बंद झालं. एक दिवस त्याच म्हणाल्या, "ते घड्याळ जाग्यावर लावा आता, टकटक करतंय नुसतं."

मग त्यांनी गावाला जायचं काढलं. शेवटचं एकदा, भावकीत बसून जेवायचं. भाच्याच्या मोठ्या गाडीत सीट आडवी करून, गाद्या घालून न्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला हाक मारली. "सिस्टरला फोन लावा. गाडीची गोळी चालंल का इचारा." वर म्हणाल्या, "माज्यादेखत इचारा."

मी स्पीकर लावून विचारलं. सिस्टर हसायला लागल्या. "नाही म्हणजे नाही. पाकीट अजून ठेवलंय व्हय तुमी?" त्यांनी डॉक्टरांना विचारून आहे त्याच उलटीच्या गोळीची वेळ जरा अलीकडे घेतली, पोटाचं सांभाळायला सांगितलं, खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

सहा तास लागले. मी दर तासाला गाडी थांबवत होतो. दौंडच्या अलीकडे वहिनी जाग्या होत्या आणि बाहेर बघत होत्या. तो रस्ता त्यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जागेपणी बघितला असावा. "हितं एवढा ऊस हाय व्हय?" म्हणाल्या. गावात गाडी थांबली, बायका गोळा झाल्या, दोघा-तिघांनी धरून त्यांना उतरवलं. त्या गर्दीत त्यांनी मान वळवून मला शोधलं आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, "लिवा भावजी, उलटी नाही!"

पुढे दोन महिन्यांनी त्या गेल्या, घरीच, दुपारी, दुखणं ताब्यात असताना. सिस्टर शेजारी होत्या.

तक्ते माझ्या कपाटात आहेत. प्रवासाच्या दिवशीचा कागद गाडीतच लिहिला, म्हणून अक्षर वाकडं आहे. 'दुसरं काही' या रकान्यात लाल पेननं लिहिलंय: गावाला गेलो. उलटी नाही. विचारलं होतं.